भुंडे हात

“एक राहू दे,” असं शालन म्हणाली तेव्हा तिच्या उजव्या मनगटात एकच बांगडी उरली होती, आणि मेमसाहेबांनी तीही ओढून काढली. साबणाच्या पाण्यात बुडवलेला तिचा हात त्यांनी आपल्या हातात धरला होता. अंगठा तळव्यात दुमडायचा, हाडावर हाड चढेल इतकं दाबायचं, आणि एक हिसका. बाळाचं अंगडं काढताना असते तीच सफाई, आणि ओठांत गुणगुणणंही तेच, त्यांच्या थंड मुलखातलं. “देखो. साफ. अच्छा,” त्या म्हणाल्या. हिरव्या बांगड्या पांढऱ्या बेसिनच्या काठावर ओळीनं मांडल्या होत्या. काढताना दोन फुटल्या होत्या आणि त्यांतल्या एकीनं मनगटाच्या आतल्या अंगाला चीर पाडली होती. मेमसाहेबांनी चिरेवर आयोडीन लावलं, ते चांगलंच झोंबलं. हे सगळं कशापायी, तर सकाळी बाळाच्या गालावर उठलेल्या एका ओरखड्यापायी. ओरखडा तरी केवढा, मांजरीनं नुसतं डोळे वटारले असते तरी उठला असता एवढा. पण मेमसाहेबांनी बाळाला खिडकीशी नेऊन तो उजेडात पाहिला, पुन्हा पुन्हा पाहिला, आणि मग मान वळवून शालनच्या हातांकडे पाहिलं. आता त्यांनी तुकडे कागदात गुंडाळून केरात टाकले, सबंध बांगड्या पुसल्या, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात घातल्या आणि डबा बाळाच्या औषधांच्या फळीवर ठेवून दिला. टॉवेल शालनच्या हातात देऊन त्या निघून गेल्या. त्यांच्या दृष्टीनं काम संपलं होतं.

शालन तिथंच उभी राहिली. नळ नीट बंद झाला नव्हता, पाणी ठिबकत होतं. आपण हात का ओढून घेतला नाही, हे तिला कळेना. कांद्याची पोती उचललेले हात होते तिचे, आणि मेमसाहेबांचे दंड नुसत्या काड्या. एक झटका दिला असता तर बाई बेसिनवर आपटली असती. पण दिला नाही, कारण हात धरून बांगड्या काढणारं माणूस तिला ठाऊक होतं ते एकच, आळंदीचा आबाजी कासार, आणि आबाजीपुढे हात सैल सोडायचा असतो. लहानपणापासून आई तेच सांगत आली होती. “आंग चोरू नगंस, हात ढिला सोड, म्हंजी दुखत न्हाई.” आबाजी सगळ्या बांगड्या कधीच उतरवत नसे. जुन्यांतली एक ठेवायचा, नव्या चढवायचा, आणि मगच ती शेवटची काढायचा. हात क्षणभरसुद्धा भुंडा राहता कामा नये. हे त्याला कुणी सांगावं लागत नसे आणि तो कुणाला सांगत नसे. म्हणूनच “एक राहू दे” हे शब्द तिच्या तोंडून हळूच गेले, विनवणीसारखे नाहीत, नुसते आठवण करून दिल्यासारखे. आणि बाईंनी ऐकलं, हसून मान डोलावली, आणि ओढली. तिला वाटलं, हिच्या मुलखात सगळ्याच बायका भुंड्या हातांनी हिंडत असतील, नवरे जिवंत असून. हिच्या हातात तरी काय आहे? कातडी पट्ट्याचं एक घड्याळ. आणि ते घड्याळ मात्र बाळाला ओरखडत नाही.

मग राग चढू लागला, कारण तिला आठवलं. आज रविवार होता. आजच ते दोघं येणार होते, बाप आणि नवरा.

मागच्या रविवारी बाप एकटाच आला होता, चऱ्होलीहून चालत. धर्माजी कधी कारखान्याच्या साहेबाच्या या बंगल्याच्या आत येत नसे. फाटकाबाहेरच्या लिंबाखाली उकिडवा बसायचा आणि पहारेकऱ्याकडून निरोप धाडायचा. लेकीच्या हातचं पाणीही इथं प्यायचा नाही. गावात त्यानं सांगून ठेवलं होतं, की शालन सायबाच्या बाईला सोबत म्हणून राहिली आहे, बाई परक्या मुलखातली, एकटी, तिला करमत नाही. “तू काय कुनाची मोलकरीन न्हाईस, शाले,” तो दर खेपेला बजावायचा, आणि बजावताना दुसरीकडे बघायचा. मेमसाहेबही पहिल्या दिवशी तसंच काहीसं बोलल्या होत्या, “घर की लडकी माफिक.” म्हणून तिला नोकरांच्या खोल्यांत न ठेवता बाळाच्या खोलीला लागून खोली दिली, जेवायला टेबलाच्या टोकाशी खुर्ची दिली. खुर्चीवर बसून ती घासभर खायची आणि तीन वेळा उठायची, कारण घरच्या मुलीनं पाणी आणायचं असतं, घरच्या मुलीनं बाळाचं लाळेरं बदलायचं असतं, आणि पाहुणे आले की घरच्या मुलीनं स्वयंपाकघरात मुरारीबरोबर जेवायचं असतं. मुरारी रत्नागिरीकडचा, स्वयंपाकी होता आणि स्वयंपाकी म्हणवून घेत होता. त्याचा तिला हेवा वाटायचा. त्याला कुणाची घरची मुलगी व्हावं लागत नव्हतं.

तर बाप आला, लिंबाखाली बसला, आणि पटक्याचं टोक चाळवत म्हणाला, “रंगराव आलाय म्हमईस्नं. तुला न्यायाला येतोय.” रंगराव शालनचा नवरा, महाळुंग्याचा. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून मनातही ती त्याला ‘महाळुंग्याचे’ म्हणायची, जणू अख्खा गावच तिचा नवरा होता. “कायमचा आलाय,” धर्माजी म्हणाला. “हितं कारखान्यात भरती निगालीया म्हनं. तुज्या सायबानं येक सबुद टाकला तर…” तिथं तो थांबला, पण शालनला पुढचं ऐकू आलं. मुंबईच्या गोदीतून हाकललेल्या, तिथं दुसरीचा संसार मांडलेल्या, लेकीला एक कार्डसुद्धा न टाकलेल्या जावयाला एकाएकी बायको का आठवली, ते बापालाही कळत होतं. त्याला चालत होतं. सासूनं तिला कांद्याची काढणी उरकेपर्यंत ठेवून घेतलं होतं आणि कांदा वखारीत पडल्यावर माहेरी पोहोचतं केलं होतं. तेव्हाही त्याला चाललं होतं. तिनं विचारलं, “आनि त्या म्हमईच्या बाईचं काय?” धर्माजी म्हणाला, “पुरुष मानूस हाय, शाले. आला न्हवं परत? तुजी आय रोज डोळं पुसतीया. पुढच्या ऐतवारी येतो घिऊन. जरा बरं लुगडं नेस.” आणि उठताना त्यानं तिच्या हातांकडे पाहिलं, बांगड्यांकडे, आणि त्याचा चेहरा सैलावला. जणू गहाण टाकलेली वस्तू शाबूत आहे, हे पाहून घेतलं.

हा चुडा आईनं, गवराबाईनं, भरला होता, इथं पाठवण्याआधी आळंदीला नेऊन. आबाजीला म्हणाली होती, घट्ट बसव. “ह्यो हातात असला की कोन बोट दावनार न्हाई,” असं आई परतीच्या वाटेवर म्हणाली. नवरा नव्हता, सासर नव्हतं, माहेरात भावजयीची तोंडं होती, पण चुडा होता. चुडा होता म्हणजे बाकीचंही कुठंतरी होतंच, असा सगळ्यांचा समज. शालनचाही होता. निदान आज दुपारपर्यंत होता.

ती खोलीत आली. बाळ झोपलं होतं. जाळीच्या खिडकीतून कारखान्याचा वास येत होता, विसरलेल्या आंबिलीसारखा, जो इथं दिवसरात्र असतो आणि इथली माणसं म्हणतात की येतच नाही. ती बाळाचे वाळलेले कपडे घडी करायला बसली आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटून थांबली. काय चुकलं ते लक्षात यायला वेळ लागला. आवाज नव्हता. हात हलत होते, घड्या पडत होत्या आणि आवाज नव्हता. तिनं हात जोरात झटकला. काहीच नाही. मनगटाला, जिथं इतकी वर्षं ऊन लागलं नव्हतं, तिथं एक फिकट पट्टा होता, आणि त्या पट्ट्याला वारा लागत होता. घाण वाटली तिला, आणि त्याच वेळी बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची भीती वाटली. पाणी आणायला ती स्वयंपाकघरात गेली तर मुरारीच्या हातून पळी पडली. “देवा! कधी आलीस गो? कळलंच नाही,” तो म्हणाला, आणि मग त्याची नजर खाली गेली. “फुटल्या काय गो सगळ्या?” त्यानं जीभ चावली. फुटल्या म्हणू नये, वाढल्या म्हणावं, हे कोकणातही असणारच. “बाईनं काढल्या,” शालन म्हणाली. मुरारीनं पळी उचलून विसळली. “मग दोरा तरी बांध हाताला. आज तुझे लोक येणार ना?” शिधा बांधून आलेल्या सुतळीचा तुकडा त्यानं पुढे केला. तिनं तो घेतला नाही. का नाही घेतला, ते तिलाही सांगता आलं नसतं. सुतळीचा आणि मुरारीचा दोघांचाही तिला राग आला.

कधी आलीस कळलं नाही. हे तिला याआधी आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. महाळुंग्याला तिची सासू ओसरीवर बसून राहायची, डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान असे की बास. जात्यावर, परातीत, भांड्यांत शालनचे हात वाजत असायचे तोवर म्हातारी जप करायची, आणि आवाज जरा थांबला की तिथून ओरडायची, “काय गं, हात का थांबला?” घाम पुसायला थांबला, केस मागे सारायला थांबला, कशालाही थांबला तरी तो थांबल्याचं ओसरीवर कळायचं. मग शालन एका हातानं नुसताच दुसरा हात हलवत बसायची, वाजत राहावा म्हणून. आणि रात्री त्याच्या उलट. मधे नुसतं कुडाचं आडोशाचं भिंताड, पलीकडे सासू नि दीर, आणि महाळुंग्याचे अंगावर हात टाकून दबक्या आवाजात म्हणायचे, “वाजवू नगंस.” तेव्हा तिनं एका मुठीत दुसरं मनगट गच्च आवळून धरायचं, ते होईस्तोवर. त्या सगळ्या रात्रींतलं तिला दुसरं काही आठवत नाही. त्यांचा चेहरा आठवत नाही. आपलंच मनगट आपण आवळलंय, एवढं आठवतं. इथं आल्यावर वाटलं होतं ते संपलं. पण मेमसाहेबही पलीकडच्या खोलीत कान देऊनच असायच्या. बाळ रडू लागलं तर उचलायचं नाही, हा त्यांचा कायदा. रडून रडून थकू द्यायचं, दार लोटून. पहिल्या आठवड्यात शालन चोरपावलांनी जाऊन नुसतं थोपटायची, तर पलीकडून “नो!” यायचं. पावलं नव्हेत, हातच चुगली करत होते. ज्यानं त्यानं तिला या हातांवरून ओळखलं होतं, जरबेत ठेवलं होतं, आणि तिला मात्र वाटत आलं होतं की हे आपलं सौभाग्य.

तरीपण ती फळीपाशी गेली. खुर्चीवर चढून डबा काढला. डब्यावर बर्फात खेळणाऱ्या मुलांचं चित्र होतं. एक बांगडी घेतली, डाव्या हातात घालू लागली. बोटांच्या पेरांपर्यंत गेली आणि अडली. हात सुजला होता, बाईनं दाबून दाबून सुजवला होता. घट्ट भरलेली बांगडी स्वतःची स्वतःला घालता येत नाही, त्याला कासारच लागतो. आबाजी असता तर अंगठा मुरगाळून, गप्पा मारत, कधी गेली ते कळूही न देता घातली असती. बेसिनपाशी साबण होता. साबण लावला असता तर कदाचित गेली असती, निदान एक. एक म्हणजे पुरे होती. एक हिरवी बांगडी, आणि बापाचा चेहरा पुन्हा सैलावला असता, महाळुंग्याचे पुढे नि ती चार पावलं मागे असे दोघं वाटेला लागले असते, ओसरीवर म्हातारीचे कान टवकारले असते. ती बांगडी तशीच पेरांवर अडकलेली ठेवून उभी राहिली. साबण दिसत होता. गुलाबी, वासाचा, बाळाचा. मग तिनं बांगडी काढली, डब्यात टाकली, झाकण लावलं आणि डबा फळीवर ठेवला. मेमसाहेबांचा तिला आता इतका द्वेष वाटत होता की तोंड कडू झालं होतं. बाईनं तिला न विचारता तिचे हात भुंडे केले होते. ते तिचं तिनं करायला हवं होतं. एवढंसं कामसुद्धा बाईनं तिच्यासाठी ठेवलं नव्हतं.

कारखान्याचा भोंगा झाला आणि थोड्या वेळानं पहारेकरी निरोप घेऊन आला. शालन पदराखाली हात घेऊन व्हरांड्यात आली. लिंबाखाली दोघं होते. बाप उकिडवा बसलेला, नवीन पटका बांधून. आणि महाळुंग्याचे उभे, विजार आणि कोट घालून, मुंबईचे केस. अंगानं सुटले होते. बंगल्याकडे बघत होते, बंगल्याच्या कौलांकडे, साहेबाच्या गाडीकडे. तिच्याकडे सगळ्यात शेवटी पाहिलं. मेमसाहेब व्हरांड्यात खुर्चीवर विणत बसल्या होत्या. “कौन?” त्यांनी विचारलं. “बाप,” शालन म्हणाली. मग थांबून, “और मेरा आदमी.” बाईंचा चेहरा उजळला. आदमी या शब्दाचा हा अर्थ त्यांना मुरारीनं शिकवला होता. “ओ! हस्बंड!” त्या उठल्या, काहीतरी आठवल्यासारखं करून लगबगीनं आत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात तो बर्फाच्या चित्राचा डबा होता. शालननं पदर हातांवर आणखी ओढला. बाईंनी बोटानं डबा दाखवला, मग लिंबाखालचा माणूस दाखवला. त्यांच्या तोडक्यामोडक्या हिंदीत त्या सांगत होत्या की हा तुझा जेवर आहे, लग्नाचा दागिना आहे, माझ्या घरात ठेवणं बरं नव्हे, हरवला तर माझ्यावर येईल, नवऱ्याच्या हाती सोपवते. बाई प्रामाणिक होत्या. नोकरांच्या सुईलाही त्या हात लावत नसत. डबा छातीशी धरून त्या शालनच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. “उसको देना. ठीक?”

पुरुषाच्या हातात बांगड्या देणं म्हणजे काय, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तमाशातल्या सोंगाड्याला दिल्या तर लोक हसतील, भांडणात कुणी कुणाला दिल्या तर कुऱ्हाडी निघतील. आणि नवऱ्याला, बायकोनं उतरवलेला चुडा, चारचौघांत? एक शब्द पुरेसा होता. नही. हा शब्द बाईंना सगळ्यात चांगला समजायचा. शालननं लिंबाकडे पाहिलं. महाळुंग्याच्यांनी कोटाची बटणं लावली होती आणि साहेबाच्या बाईला करायच्या रामरामासाठी हात जुळवून तयार ठेवले होते. तोंडावर ते हसू होतं, नोकरी मागणाऱ्याचं, आणि त्या हसण्यात शालन कुठंच नव्हती. “ठीक,” ती म्हणाली.

मेमसाहेब पुढे आणि ती मागे, अशा त्या दोघी फाटकापर्यंत गेल्या. बाईंनी दोन्ही हातांनी डबा दिला, थोडं वाकून, त्यांच्याकडे देतात तसा. महाळुंग्याच्यांनी वाकून घेतला. मिठाई वाटली असावी. “थँक्यू, मेमसाब,” ते म्हणाले, आणि कौतुकानं झाकण उघडलं. पहारेकऱ्यानं वाकून डोकावलं आणि फिस्सकन हसला, मग तोंडावर मूठ दाबून दुसरीकडे वळला. मेमसाहेब हसऱ्या चेहऱ्यानं मान डोलावत होत्या. आत बाळ उठून रडायला लागलं तशा “अच्छा, अच्छा,” करत त्या परत फिरल्या. महाळुंग्याच्यांचं हसू ओठांवर तसंच राहिलं होतं आणि बाकीचा चेहरा काळा पडत गेला होता.

“बांगड्या देतीस व्हय मला?” ते म्हणाले. आवाज चढला नाही, घोगरा झाला. “सायबाच्या बाईच्या हातनं? दाल्ल्याला?” मग त्यांना काहीतरी सुचलं आणि ते तिच्या पदराकडे बघू लागले. शालननं हात पदराबाहेर काढले. दोन्ही, पुढे करून, आबाजीपुढे करायची तसे, सैल. आयोडीनचा पिवळा डाग आणि तो फिकट पट्टा. धर्माजी कळवळून उठला, खांद्यावरचं उपरणं ओढून त्यानं तिच्या हातांवर टाकलं. “झाक, पोरी. झाक, झाक.” तिनं उपरण्यातून हात काढून घेतले. उपरणं धुळीत पडलं. “मी जित्ता हाय अजून!” महाळुंग्याचे ओरडले, आणि डबा त्यांच्या हातात खुळखुळला. “डोळं फुटलं काय तुजं? मी हितं हुबा हाय, जित्ता!”

“असाल,” शालन म्हणाली.

त्यांनी हात उगारला होता, पण फाटकाशी पहारेकरी होता आणि समोर साहेबाची गाडी. तो हात कोटाच्या खिशात गेला. डबा त्यांनी लिंबाच्या बुंध्यावर भिरकावला आणि चाकणच्या वाटेनं चालू लागले, मागे न बघता. धर्माजी वाकून उपरणं उचलत राहिला, उगाच फार वेळ. उभा राहिला तेव्हा त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, तेच तिला सहन होईना. “चऱ्होलीला आता यिऊ नगंस,” तो म्हणाला. “गवराला मी सांगतो की…” पण गवराबाईला काय सांगायचं ते त्याला सापडलं नाही. त्यानं सांगून टाकावं असं तिला फार वाटलं. मेली म्हण, पळाली म्हण, मोलकरीण झाली म्हण. काहीतरी एक म्हण. तो काहीच न म्हणता गेला. तो वळणाआड जाईपर्यंत ती बघत राहिली, आणि तिला खूप भीती वाटली. आता तिला या फाटकाच्या आतच काय ती जागा होती, आणि आतल्या माणसांतलं एकही तिला आवडत नव्हतं.

बाळ अजून रडत होतं. ती बंगल्यात आली, व्हरांडा ओलांडून, मधल्या खोलीतून. आज कायदा मोडला होता. मेमसाहेबांनी बाळाला उचललं होतं, दाराकडे पाठ करून त्याला खांद्यावर घेऊन त्या झुलत होत्या आणि ते कसंही राहत नव्हतं. शालन त्यांच्या पाठीशी जाऊन उभी राहिली. बाई वळल्या आणि एकदम किंचाळल्या, आणि बाळाला छातीशी घट्ट आवळून एक पाऊल मागे सरल्या. ती कधी आली ते त्यांना ऐकू आलं नव्हतं. त्यांच्या निळ्या डोळ्यांत पहिल्यांदाच शालनला भीती दिसली, आणि ती भीती जाईपर्यंत शालन हलली नाही. मग तिनं भुंडे हात पुढे केले.

“द्या इकडं,” ती मराठीत म्हणाली.

थोडा वेळ गेला, आणि बाईंनी दिलं.